तिसरा भाग

टीना लॅपटॉपवर शहर वसवायचा खेळ खेळत होती. खेळाला नवा भाग जोडायचा होता, पण एकच घेता येणार होता.

"आबा, बगीचा घेऊ का विमानतळ?"

"अन् हा तिसरा कायचा?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"स्मशानभूमीचा. पन नव्या गावात पहिलेच स्मशान कोन घेते?"

जुनं गाव धरणात जाणार होतं, तेव्हा नव्या गावात काय काय हवं याची यादी घेऊन साहेब आले होते. सरपंच म्हणून लक्ष्मणरावांनी हसत हसत हेच वाक्य म्हटलं होतं आणि अशुभ नको म्हणून स्मशान खोडायला लावलं होतं. बारा वर्षं झाली. अजूनही गावातली मयत कोणाच्या तरी शेताच्या बांधावर, हातापाया पडून जाळावी लागते.

एव्हाना टीनाने विमानतळ घेऊन खेळ पुढे नेला होता. "आबा, हे पाहा! लोक मरून राहिले अन् मुडदे घरातच पडून हायेत. बाकीचे शहर सोडून चालले."

महिनाभर खाटेवरून न उठलेल्या सुंदरबाईने नवऱ्याकडे न बघताच कूस बदलली.

"टीना, तुह्या आबाले सांग, आता तरी गावासाठी मांगून घ्या मनाव. मी हाव तवरक."