ताईचे इनसोल

आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर इरा सगळ्यांच्या पुढे होती आणि अचानक लंगडायलाच लागली!

"अगं, डावा पाय का चोरतेस?" तिचे प्रशिक्षक शेलार सर ओरडले.

"मी नाही सर, बूट चोरतोय!"

गॅलरीत आईशेजारी बसलेली इराची ताई मृण्मयी पुढे झुकली. इराच्या बुटात, तळव्यांखाली, मृण्मयीचेच जुने इनसोल होते. दोघी बहिणींचे तळवे सारखेच सपाट, मग नवे कशाला, म्हणून आईने ते साबणाने खसाखसा धुऊन उन्हात वाळवले होते. पण सेन्सरने पायाची दुखरी जागा शिकून तिच्यावर भारच पडू न देणारे इनसोल ते, त्यांच्यातली आठवण साबणाने थोडीच जाते?

एक मुलगी इराच्या पुढे गेली, मग दुसरी. राज्य संघात पहिल्या दोघीच जाणार होत्या.

"तू तर कंटाळा आला म्हणून धावणं सोडलंस ना गं?" आईने हळूच विचारलं. मृण्मयी ट्रॅककडेच बघत राहिली.

इरा तिसरी आली. धापा टाकत, अनवाणीच गॅलरी चढून ती ताईसमोर उभी राहिली. रडली नाही, भांडलीही नाही.

"ताई, एवढं दुखतं तुला?"

मृण्मयीने डावा पाय बाकाखाली ओढून घेतला.