येळवशीची सोपी गाणी

"सोपी पाहिजेत रे वीऱ्या," महेशकुमार काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला. "गिटारावर वाजवायला सोपी, अन् बसलेल्या समद्यांला म्हणता येतील अशी. चार गाणी काढून दे."

वीरेशने हातातला उघडा मिक्सर बाजूला सारला. भालकीत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि महेश खटकचिंचोळीहून मोटारसायकलवर खास याच कामासाठी आला होता.

"कामून? काय हाय?"

"येळवशीला, अवसंच्या सांजच्याला, शेतात आगटी करायलोय. हुरडा भाजू, गाणी म्हणू. कलबुर्गीहून मामा यायलेत. पवित्रा बी यायलीय." महेशने आवाज खाली आणला. "मामांपाशी एक गोष्ट काढलीय. त्या सांजंला जमून आली पाहिजे बघ."

पवित्रा म्हणजे महेशच्या मामाची मुलगी. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वीरेशला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

"गिटार नवी घेतलीय," महेश म्हणाला. "पण ज्यानं लई वर्सांत तारंला बोट लावलं न्हाई, त्याला जमलं पाहिजे."

"जमंल की. तू नको काळजी करू."

महेश गेला आणि वीरेशला कॉलेजचं ते गॅदरिंग आठवलं. आठवलं कशाला म्हणायचं, विसरलाच कधी होता तो! पवित्रा पहिल्या रांगेत बसली होती. तिच्यासाठी म्हणून त्याने एक गाणं महिनाभर घोटलं होतं. आणि या महेशने, जिवलग मित्राने, पडद्यामागे गिटारच्या सगळ्या खुंट्या सैल करून ठेवल्या. गंमत म्हणून! पहिलीच छेड अशी भेसूर निघाली की अख्खा हॉल खो खो हसला. पवित्राही ओढणी तोंडाला लावून हसली. महेशने दुसऱ्या दिवशी चहा पाजला आणि तो मोकळा झाला. वीरेशने गिटार विकून टाकली. पुन्हा कधी हातात धरली नाही.

हसणारे विसरतात. ज्याचं हसं होतं, त्याच्या पोटात ते मुरत राहतं.

कजाग सून सासूच्या ठेच्यासाठी मिरच्या निवडते, तशी वीरेशने गाणी निवडली. चारही सगळ्यांच्या ओठांवरची. दोन मराठी, एक कन्नड, एक हिंदी. सुरुवातीला तीन कॉर्ड, शाळकरी पोरानेही वाजवावेत असे. पण ध्रुवपदात, जिथे सगळे टाळ्या पिटून जोरात म्हणतात, नेमका तिथे एफ नावाचा अवघड कॉर्ड. एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून धरायच्या. रोजचा हात नसेल तर सूर निघत नाही, नुसत्या तारा खडखडतात. पट्टी बदलली असती तर तो कॉर्ड टळला असता. वीरेशने मुद्दाम हीच पट्टी धरली.

"याच पट्टीत पाठ करा," असं त्याने बजावूनही सांगितलं. महेशने गाणी लगेच पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकली. म्हणाला, "तू म्हणशील ती पूर्व दिशा."

येळवशीला वीरेश पांढराशुभ्र शर्ट घालून शेतात गेला. कडब्याच्या खोपीपुढे पूजा झाली, पंगत बसली. महेशची आई महानंदा सगळ्यांना आग्रहाने वाढत होती. भज्जी, भाकर, उंडे झाले, तरी तिने आंबिलीचा आणखी एक तांब्या वीरेशच्या हातात ठेवला.

"बास मावशी. पोट फुटायलंय."

"आज येळवस हाय, अप्पा. शेताच्या मालकिणीनं हातात दिलेलं परत करायचं नसतंय. शेत रुसतंय."

वीरेशने तांब्या रिकामा केला. आज कुणी काहीही पाजलं असतं तरी त्याला गोडच लागलं असतं.

दिवस बुडताना आगटी पेटली. महेशचे मामा रेवणसिद्धप्पा खाटेवर बसले. भोवती पाहुणे, शेजारच्या शेतातली माणसं. पवित्रा आता मास्तरीण झाली होती. समोर बसत ती म्हणाली, "गाणी छान निवडलीत. आम्ही समद्यांनी पाठ केलीत. तुम्ही सांगितलेल्या पट्टीत!"

"मग दुसऱ्या पट्टीत न्हाई जमणार?" वीरेशने खात्री करून घेतली.

"छे! आता तीच बसलीय गळ्यात."

वीरेशने महेशची बोटं नीट दिसतील अशी जागा धरली. गेली कित्येक वर्षं घशात अडकलेला काटा आज निघणार होता. हस लेका, आता तुझी पाळी, असं तो मनात म्हणाला. त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

महेश खोपीतून गिटार घेऊन आला. उभ्याउभ्याच त्याने एकेक तार छेडून पाहिली, एकेक खुंटी चाचपली. मग गिटार आईच्या हातात दिली. महानंदा आगटीला वळसा घालून आली आणि तिने ती वीरेशच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" वीरेश गिटार परत द्यायला उठला.

"काय सांगितलं व्हतं मी मघाशी?" महानंदा म्हणाली. तो खाली बसला.

महेश त्याच्या कानाशी वाकला. "खुंट्या मी सोता बघितल्यात, तीनदा. एक बी सैल न्हाई." मग ताठ होऊन तो खाटेकडे वळला. "मामा, पवित्रासाठी मी बोललो व्हतो, ते पोरगं हेच."

रेवणसिद्धप्पांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पवित्राने लाजून टाळीसाठी हात उचलले आणि ती म्हणाली, "पहिलंच घ्या की. लई सोपं हाय म्हणं."