पिवळ्या खुणा

घरातल्या चौघांच्या सामाईक पुस्तकांच्या यादीत ते पुस्तक दिसलं आणि बाबांनी चष्मा पुसून नाव पुन्हा वाचलं: ‘विसरण्याचा आजार : घरच्यांनी काय करावं’.

ही सोय मुलानं केली होती. पुस्तकं एका संगणकात, वाचायची ज्यानं त्यानं आपल्या टॅबवर. कुणी वाक्यावर खूण केली की ती सगळ्यांना दिसायची. ज्याचा त्याचा रंग मात्र वेगळा.

या पुस्तकात जागोजागी पिवळ्या खुणा होत्या. ‘तोच प्रश्न पुन्हा विचारतात.’ पिवळं. ‘गॅस चालू ठेवून निघून जातात.’ पिवळं. ‘घरच्यांवर संशय घेतात.’ तेही पिवळं.

बाबांची हयात छापखान्यात, डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासण्यात गेली होती. दुसऱ्याची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मुलगा सकाळी जातो तो रात्री उगवतो. नातीला परीक्षेपुढे काही सुचत नाही. उरलं कोण? पाणी कुठे मुरतंय हे कळायला ज्योतिषी नको होता. आधी वेडा ठरवायचं, मग कुठेतरी नेऊन टाकायचं. त्यांना संताप आला, आणि संतापाहून जास्त भीती वाटली.

टॅब घेऊन ते तडक स्वयंपाकघरात गेले. सून ताटल्या पुसत होती.

“सूनबाई, हे धंदे कधीपासून चाललेत?”

तिनं टॅबकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती म्हणाली, “चुकलं माझं, बाबा. पुन्हा नाही करणार.”

“तरी म्हटलं! अगं, माझं डोकं ठणठणीत आहे अजून. चाळीस वर्षं लोकांचे काने-मात्रे सांभाळलेत मी. थांब, तुझ्या पुस्तकातूनच तुला उत्तर देतो.”

खुर्ची ओढून ते तिथेच बसले आणि पानं चाळू लागले. हवं ते वाक्य अखेर सापडलं: ‘प्रत्येक विसराळूपणा हा आजार नसतो.’ बाबांनी त्यावरून ठासून बोट फिरवलं.

वाक्य पिवळं झालं.

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मागचं पान उघडलं, त्याच्या मागचं उघडलं. तोच पिवळा.

“सूनबाई,” त्यांनी हळूच विचारलं, “तुझा रंग कुठला गं?”

सून पुसून झालेली ताटली पुन्हा पुसू लागली.