सेकंड माल

सोमाने आलेखाचा कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि कानामागचा निळा मेणखडू काढला.

"बाबा, ते कापड नाय! माझा प्रबंध हाय," संघरत्ना ओरडली.

"मग काय झालं? तपासतो." तोवर दोन गोल काढूनही झाले होते.

धामणकर नाक्यावरच्या यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यांत कापड तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. निर्दोष ताका फ्रेश, फॉल्ट निघाला की त्यावर निळा गोल आणि ताका सेकंड. घरीही तीच पारख. लेकीची पहिली भाकरी सेकंड, दहावीचे ब्याऐंशी टक्के सेकंड, विद्यापीठाची शिष्यवृत्तीही सेकंड. फ्रेश त्याने तिला कधी म्हटलंच नव्हतं.

वायूतून प्रकाश गेला की ठरावीक रंग गिळले जातात आणि आलेखावर खड्डे उमटतात. रेणू एकमेकांवर आपटले की त्या खड्ड्यांचा आकार कसा बदलतो, याचं गणित संघरत्नाने मांडलं होतं. सलग रेघ तिच्या गणिताची, ठिपके प्रयोगशाळेतल्या तिच्या सहकाऱ्याने, राकेशने, मोजलेले. दोन्ही जुळत नव्हते. राकेशचं मोजमाप चुकलंय, असं तिने बाबाला सांगितलं; उद्या सायबर कॅफेतून मार्गदर्शक सरांनाही ती तेच कळवणार होती. राकेशचं वर्षभराचं काम त्यामुळे बाद झालं असतं.

"ह्यो राकेश दारू पितो का?" सोमाने विचारलं.

"काय पण, बाबा!"

"मंग त्याच्या नावानं कशाला बोंब मारतेस? माणसाचा फॉल्ट कुठंबी पडतो. ह्ये बघ, डावीकडं समदे ठिपके रेघेच्या खाली, उजवीकडं समदे वर. दर टायमाला त्याच जागी पडतो तो लूमचा फॉल्ट. तुझा लूम खोल."

ती रुसली. मग तिने लूम खोलला. शेजारशेजारचे खड्डे तिने सुटे सुटे धरले होते. आपटाआपटीत ते एकमेकांत मिसळतात, हे तिच्या गणितात नव्हतंच.

महिन्याभराने रेघ ठिपक्यांवर बसली. सोमा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. नवा आलेख तिने त्याच्या उशाशी ठेवला.

"आता फ्रेश म्हणायलाच लागेल तुला."

"बघू," सोमा म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला.

सात महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी एकही दुरुस्ती सांगितली नाही. "निर्दोष काम," ते म्हणाले. राकेशने पेढे वाटले. संघरत्नाने पेढा हातातच धरून ठेवला.

घरी येऊन तिने बाबाच्या उशाजवळच्या खुंटीवरचा त्याचा खाकी शर्ट पहिल्यांदाच खाली घेतला. खिशात मेणखडूचा तुकडा आणि नव्या आलेखाची घडी होती. मधले खड्डे स्वच्छ होते. उजव्या टोकाला, जिथे कुणी बघतही नाही, तिथे मुगाएवढा निळा गोल होता. त्याखाली थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: सेकंड.

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच खळखळून हसली. मग डोळे पुसून तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. गोलाच्या आत रेघ ठिपक्यापासून केसभर सुटली होती.

फॉल्ट खरंच होता.