जास्त भाजलेला वाडगा

"कडेचा चिमूटभर तुकडा घेतला तर वाडग्याचं काय वाकडं होणार आहे?" संचालकांनी विचारलं.

प्रश्न सरांना होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी या वाडग्याचा विषय निघाला की संग्रहालय त्यांनाच बोलावून घ्यायचं. उत्खननातून तो त्यांनी आणला, त्यावर त्यांनी लिहिलं आणि त्याच्याच जोरावर ते मोठे झाले. वाडगा म्हणावा तर ओंजळीएवढा, तांबूस, एका बाजूला कललेला. सगळी किंमत तळाजवळच्या बोटाच्या ठशाला होती.

भाजताना माती आकसते. किती आकसते, ते तिच्यातल्या खनिजांवर ठरतं. तो हिशेब धरून ठशाच्या रेषा मोजल्या, की बोट किती वर्षांच्या माणसाचं ते साधारण कळतं. सरांनी ते काढलं होतं. "सहावं लागलेली मुलगी," ते म्हणायचे. वय ठीक आहे, पण मुलगीच कशावरून, असं कुणी विचारलं की ते चष्मा पुसत बसायचे. पुरातत्त्व विभागात त्यावरून थट्टा चालायची. तिला कोणता रंग आवडायचा तेही सर सांगतील, विचारून तर बघा.

सरांच्या पत्नी, काकू, त्याही सुटल्या नव्हत्या. सरांबरोबर त्या नेमाने यायच्या आणि काचेच्या कपाटापुढे उभ्या राहायच्या. मातीतलं त्यांना काडीचं कळत नसे. काकू सवतीची विचारपूस करायला येतात, असं लोक म्हणत. काकूही हसत.

तुकडा मागणारी होती भट्टीवाली. हे नाव तिला विभागाने दिलेलं. ती सरांचीच विद्यार्थिनी, आता प्रयोगशाळा सांभाळत होती. त्या जागेची सगळी खापरं मोडली की आतून काळी दिसत. उघड्यावर लाकूडफाटा पेटवून भाजलेली ती, आच पोटापर्यंत पोचायचीच नाही. वाडग्याच्या कडेला टवका उडाला होता, तिथे मात्र माती आरपार लाल दिसत होती.

"माती त्याच जागेची आहे," सर म्हणाले. "ते कधीच सिद्ध झालंय."

"मातीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, सर. मला आगीबद्दल शंका आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कडेचाच घे. तळाला हात लावू नकोस."

गुरूची परीक्षा घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. भट्टीवालीला त्या रात्री झोप लागली नाही, पण तिने पूड केली आणि क्ष-किरणांखाली ठेवली. खापरांमध्ये चुनखडीचे कण शाबूत होते, म्हणजे आच बेताची. वाडग्यात तो चुना मातीशी मिळून नवंच खनिज तयार झालं होतं. इतकी कडक आणि इतकी सारखी आच उघड्यावरचा जाळ देत नाही; ती विजेच्या भट्टीची. माती हजारो वर्षांपूर्वीची आणि भाजणं कालपरवाचं.

ती चिडली. ज्यांनी तिला खनिजं ओळखायला शिकवलं, त्यांनीच जगाच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. तेवढ्यात सरांचा निरोप आला. निकाल काहीही लागो, वाडगा मला द्या, म्हणतील ती किंमत देतो.

तिला वाटलं, पुरावा नाहीसा करायचाय त्यांना. चोराच्या मनात चांदणं. संचालकांनाही तेच वाटलं. खोट्या वस्तूला कसली आलीय जपणूक, ते म्हणाले, पक्की खातरी करून घे. सगळ्यात जाड माती तळाची. पुन्हा भाजून बघायला आणि दळायला तीच सोयीची. तिने तळ कापला. राहिलेल्या कडाही दुसऱ्या चाचण्यांत गेल्या. सरांना कळवायला मात्र कुणाची जीभ रेटेना.

म्हणून सर आणि काकू नेहमीसारखे आले आणि रिकाम्या कपाटापुढे उभे राहिले.

भट्टीवालीने मनाशी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. समोर काकूंना बघून त्यातलं निम्मं विसरली. वाडगा बनावट आहे, एवढं तिने सांगितलं. सर मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"द्या मग आम्हाला," काकू म्हणाल्या. "खोटा आहे तर तुम्हाला काय करायचाय? मी ह्यांना केव्हाची सांगतेय, खरं बोला आणि घरी आणा. तर म्हणे, काचेत आहे तोवर त्याला धक्का लागणार नाही."

भट्टीवालीने खिशातून कागदाची पुडी काढली. आत चमचाभर लाल पूड होती. "एवढंच उरलंय, काकू."

"आणि बोट?"

"तोच भाग दळला. तिथली माती जाड होती."

काकूंनी पुडी हातात घेतली, पण उघडली नाही.

"तुला कशावरून कळलं गं, खोटा आहे ते?"

"जास्त भाजला होता, काकू. तेव्हाचे लोक इतकं भाजायचे नाहीत."

"मीच सांगितलं होतं ह्यांना," काकू म्हणाल्या. "पक्का भाजा म्हटलं, तिचं पहिलंच भांडं आहे, टिकायला हवं. माझ्या मांडीवर बसून केला तिने. सहावं लागलं होतं तेव्हा. सातवं लागलंच नाही."