कानातला बिल्ला

"बैल कोणाचा मेला?" तांड्याच्या तोंडाशी भेटलेल्या माणसाला केतकीने विचारलं.

त्याने हातातला विळा निंबाच्या झाडाकडे रोखला. "थे घर. याडीचा मेला. परवा वीज पडली ना!"

एवढं बोलून तो सोयाबीन कापायला निघूनही गेला. हंगामाचे दिवस, सगळा तांडा शेतात होता. दुसरं कुणी विचारायलाही सापडलं नसतं.

घर पहिल्याच फटक्यात सापडलं म्हणून केतकीला हायसं वाटलं. यवतमाळहून पहाटेची एसटी, फुलसावंगीपासून जीप आणि पुढे चिखलातून पायपीट. डोकं ठणकत होतं. विमा कंपनीत शिकाऊ म्हणून लागायचं म्हणजे पंख्याखाली बसून अर्ज तपासायचे, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात वर्षभर मेलेल्या गुरांच्या मागे जिल्हा पालथा घालणं नशिबी आलं. आईने मात्र 'आमची केतकी ऑफिसात लागली' म्हणून आळीभर पेढे वाटले होते.

आता हे शिकाऊपण महिनाअखेर संपणार होतं. पुढे ठेवायचं की नारळ द्यायचा, ते मधुसूदन सरांच्या हातात होतं. आणि मागच्या दोन्ही खेपांना ती हात हलवत परतली होती. एका घरी रडारड पाहून मेलेल्या बैलाचा कान मागायला तिची जीभच रेटली नव्हती.

"बिल्ला नाही तं दावा नाही," सर बजावत. "सरकारी दवाखान्यानं प्रत्येकच जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारला आहे. आपल्याले तोच चालते. पण कानासकट आणायचा. नुसता बिल्ला तर लोक जित्या बैलाचाही काढून देतात. अन् कान हाती येईस्तोवर विम्याचं नाव काढायचं नाही, कोणाच्या नावाचीही चौकशी करायची नाही. बैल कोणाचा मेला, एवढंच विचारायचं. विमा म्हटला का अख्ख्या गावाचे बैल मरतात!"

दावा बसंतीबाईच्या नावाने होता. वीज पडून बैल मेल्याचा फोन तिनेच केला होता. केतकी निंबाखाली पोचली तेव्हा म्हातारी ओट्यावर बसली होती. तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणत होता, म्हणून केतकीनेही तेच म्हटलं. म्हातारीने काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बैल कुठे आहे, याडी?"

"मातीत देला. हळद लावून, नवं धोतर पांघरवून."

केतकीच्या कपाळाला आठी पडली. माणूस पाहायला येईस्तोवर पुरू नका, असं ऑफिसातून फोनवर सांगितलं होतं. पण ऐकतं कोण?

"मग उकरावं लागेल. कान पाहिजे. बिल्ल्यासकट."

"कायले?"

"नियम आहे. वरून आलाय."

"आमचे बापजादे बैलाच्याच पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरले, बाई. मेल्यावर त्याले कापू कसं?"

केतकीला तिची दया आली. पण स्वतःची त्याहून जास्त आली. ती ओट्यावर बसली आणि कान द्यावाच लागतो, हे समजावत राहिली. म्हातारी मान हलवत राहिली. "मले काही नको, अन् काही देनंही नाही," एवढंच तिचं पालुपद. म्हातारीचा मुलगा लालसिंग दाराशी अवघडून उभा होता. ऊन कलायला लागलं, तसा केतकीचा आवाज थकून कोरडा झाला.

"नाही देला तं?" म्हातारीने शेवटी विचारलं.

"तर माझ्या हातात काही राहणार नाही. पुढचं वरचे लोक ठरवतील."

म्हातारीने गोठ्याकडे पाहिलं. जोडीतला उरलेला बैल एकटाच उभा होता. ती उठली, त्याच्या पाठीवरून हात फिरवून आली. मग लालसिंगला म्हणाली, "फावडं आन."

उकरताना वास सुटला. हळदीने माखलेलं धोतर वर आलं तेव्हा केतकीने नाकाला ओढणी लावली. लालसिंगने मान फिरवून विळा चालवला. म्हातारी तिकडे आलीच नाही. ओट्यावरचा खांब धरून, भिंतीकडे तोंड करून ती बसली होती. केतकीला स्वतःची लाज वाटली. पण पैसा हातात पडला की म्हातारी दुवाच देईल, अशी तिने मनाची समजूत घातली. बिल्ला चिखलाने लडबडला होता. नंबर ऑफिसात धुऊन पाहू म्हणत तिने कान पिशवीत घातला आणि गाठ मारली.

निघताना म्हातारीने तिच्यापुढे हात जोडले. "आता तं काही होनार नाही ना, बाई?"

"नाही, याडी. आता काही काळजी नको."

तांड्याबाहेर पडल्यावर तिने सरांना फोन लावला.

"कानासकट?" सरांनी विचारलं.

"कानासकट."

"शाबास! शिकली शेवटी. माझ्याकडून तुझं पक्कं समज."

तिचे डोळे भरून आले. आता आधी आईला सांगायचं, मग जीपमध्ये निवांत झोपायचं. तिने आईचा नंबर काढला, तोच मागून हाका ऐकू आल्या. एक बाई पदर सावरत शेतातून धावत येत होती. तिला धाप लागली होती.

"ताई, थांबा! विम्याच्या तुमीच ना? मी बसंतीबाई. सकाळपासून वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून तुमची वाट पाहून राह्यली. पुरू नका म्हनलं तुमी, म्हनून आमचा बैल अजून तसाच पडला आहे."