सगळ्यांचं दहा

"मॅडम, परत आठच."

शेवटच्या ओट्यावरून आवाज आला आणि रसायनशास्त्राच्या मॅडमनी डोळे मिटून घेतले. प्रात्यक्षिक परीक्षा संपत आली होती आणि ही मुलगी तिसऱ्यांदा हाक मारत होती. प्रयोगशाळेचा मदतनीस नेमका आजच रजेवर. भांडी धुण्यापासून द्रावणं करण्यापर्यंत सगळं सकाळपासून मॅडमच्याच गळ्यात पडलं होतं. मुलं पाठीमागे त्यांना लिटमस म्हणायची, कारण लाल व्हायला त्यांना थेंबभर पुरे. आज तेवढाही लागत नव्हता.

"आठ कसं येईल? बाकी सगळ्यांचं दहा आलंय."

"आठ पूर्णांक एक, मॅडम. तिन्ही वेळा."

"पिपेट धुतलीस?"

"हो."

"ब्युरेटमध्ये बुडबुडा?"

"नाही, मॅडम."

"मग ॲसिड काय तुझ्या एकटीवर रुसलंय?"

पुढच्या ओट्यांवर खसखस पिकली. मुलीने मान खाली घातली. या परीक्षेत नापास झालं की वर्ष गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

काम तसं पोरखेळाचं. खाली दहा मिलिलिटर ॲसिड घ्यायचं, वरून ब्युरेटमधून अल्कली सोडत राहायची आणि गुलाबी रंग टिकला की थांबायचं. किती अल्कली लागली त्यावरून ॲसिडची तीव्रता काढायची. दहा लागायलाच हवी होती, कारण ते ॲसिड मॅडमनी स्वतः केलं होतं. बाटलीवरची टक्केवारी, घनता, रेणुभार, सगळं मांडून हिशेब केला होता. लिटरमागे आठ पूर्णांक तीन मिलिलिटर तीव्र ॲसिड, तेही पाण्यात हळूहळू, श्वास रोखून. दरवर्षी हेच करत आल्या होत्या आणि दरवर्षी दहाच येत होतं.

"हो बाजूला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच ब्युरेटपाशी उभ्या राहिल्या.

आठच्या जरा पुढे गेल्यावर एका थेंबासरशी द्रावण गुलाबी झालं. मॅडमनी भांडं हलवलं. रंग जाईना. त्यांनी ते ओतून दिलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा आठ पूर्णांक एक. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तू परत कर," मॅडम तिच्यावरच खेकसल्या. "आणि या वेळी नीट कर. वर्ष घालवायचंय का?"

आणि तरातरा भांडारखोलीत गेल्या.

तीव्र ॲसिडची बाटली फळीवर होती. मॅडमनी ती उजेडात धरली. बुचाला चांगली बोटभर चीर गेलेली होती. एरवी बूच काढताच नाकात झणझणायचं, डोळ्यांत पाणी यायचं. आज त्या वाकून वास घेत राहिल्या, तरी जेमतेम ठसका लागला. कोण जाणे किती महिने ॲसिड त्या चिरेतून उडून जात होतं. त्यांचा हिशेब बरोबर होता, पण बाटलीतलं ॲसिड लेबलावरच्याइतकं तीव्र राहिलंच नव्हतं. त्यातून केलेल्या द्रावणाला आठच लागणार होतं.

मदतनीसाला, बुचाला, स्वतःला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या हासडून झाल्या आणि मग एकदम त्यांच्या अंगावर काटा आला. आठ लागणार होतं, तर वर्गभर दहा कुठून आलं?

बाहेर येऊन त्यांनी टेबलावरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला. दहा. दहा. नऊ पूर्णांक नऊ. दहा पूर्णांक एक. एका शहाण्याने तर खरं वाटावं म्हणून दहा पूर्णांक शून्य पाच लिहिलं होतं. गेल्या वर्षीच्या मुलांकडून उत्तर आधीच पोचलेलं. ब्युरेटकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मॅडमना संताप अनावर झाला. आणि त्यांनी आवाज चढवला होता तो नेमका कुणावर!

गठ्ठा तसाच टाकून त्या शेवटच्या ओट्याकडे जवळजवळ धावल्या. तिला सांगायचं होतं की, बाई, तूच बरोबर आहेस, पूर्ण गुण तुला एकटीला.

मुलगी उत्तरपत्रिका घेऊन उभीच होती. चेहरा उजळलेला. ब्युरेट धुऊन स्टँडला उलटी लावून ठेवली होती.

"आलं, मॅडम," ती म्हणाली. "दहा आलं. माझंच चुकत होतं."

तिने पत्रिका पुढे केली. आकड्याच्या जागी कागद खोडरबराने घासून घासून इतका पातळ झाला होता की त्यातून तिचं बोट दिसत होतं.